जिवंत कान : प्रस्तावना

मानवी कानाची रचना आणि ऐकण्याची क्रिया हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत एकाच प्रकरणात येत असले, तरी त्यांचे ज्ञान माणसाला एकाच काळात झालेले नाही. रचनेचे ज्ञान मृतदेहांच्या विच्छेदनातून, सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यान, बहुतांशी पूर्ण होत आले. क्रियेचे ज्ञान मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अपुरे राहिले, कारण श्रवणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मृत कानात उरतच नाही. कानाच्या अगदी आतल्या भागात काही हजार पेशी अशा असतात, की त्या आलेल्या ध्वनीच्या स्पंदनात स्वतःची ऊर्जा घालून ते वाढवतात, आणि रक्तपुरवठा थांबताच त्यांचे हे काम थांबते. या एका वस्तुस्थितीचा उलगडा झाल्यावर श्रवणासंबंधीच्या अनेक जुन्या कोड्यांची उत्तरे मिळाली, नवजात बालकाच्या बहिरेपणाची चाचणी करण्याचे साधन हाती आले आणि गोंगाटाने कान का व कसा निकामी होतो हेही समजले. म्हणून कानाचे वर्णन करताना या पेशींपर्यंत पोहोचणे हेच मुख्य ध्येय ठेवणे उचित ठरते. बाकीचा कान, त्याची रचना कितीही देखणी असली तरी, ध्वनीला त्यांच्यापर्यंत आणून पोहोचवण्यासाठी आहे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. हे चढउतार एका सेकंदात जितक्या वेळा होतात ती त्या ध्वनीची वारंवारता होय, आणि ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. तरुण, निरोगी माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेतले ध्वनी ऐकू येतात. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये सांगतात, परंतु हे एकक मीटर किंवा किलोसारखे सरळ चढत नाही, तर गुणाकाराने चढते : १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दसपट वाढ आणि २० डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट. माणसाला जेमतेम ऐकू येणारा ध्वनी शून्य डेसिबल धरला, तर ज्याने कानात वेदना होऊ लागते तो १२० डेसिबलच्या आसपासचा असतो, म्हणजे या दोन टोकांमधील ऊर्जेचे प्रमाण एकास एक लाख कोटी इतके भरते. खालच्या टोकाला कानाचा पडदा जेवढा हलतो ते अंतर एका अणूच्या व्यासाहूनही कमी असते. इतक्या क्षीण हालचालीची दखल घेणारे आणि तरीही मेघगर्जनेने न फाटणारे इंद्रिय कसे घडले असेल, हा प्रश्न फार जुना आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा विचार दोन वेगळ्या वाटांनी झाला. न्याय-वैशेषिक दर्शनांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि कर्णविवराने मर्यादित झालेले आकाश म्हणजेच श्रोत्रेंद्रिय, असे प्रतिपादन केले. शब्द उत्पत्तिस्थानापासून श्रोत्यापर्यंत कसा पोहोचतो याचे स्पष्टीकरण त्यांनी वीचितरंगन्यायाने दिले, ज्यानुसार पाण्यावरील एक लाट पुढच्या लाटेला जन्म देते त्याप्रमाणे पहिला शब्द दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला उत्पन्न करतो आणि या मालिकेतील शेवटचा शब्द श्रोत्रात उत्पन्न होऊन ऐकू येतो. घंटेपाशी निर्माण झालेला शब्द जसाच्या तसा प्रवास करून कानात शिरत नाही, ही त्यातील सूक्ष्म जाण आजही कौतुकास्पद वाटते. दुसरी वाट शल्यतंत्राची : सुश्रुतसंहितेत कान टोचण्याचा विधी आहे आणि तुटलेली वा फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार वर्णिले आहेत. तथापि तत्त्वचिंतकांचा तरंग आणि शल्यविदांची पाळी यांच्यामध्ये, कवटीच्या कठीण हाडात दडलेले, जे यंत्र होते, तिथपर्यंत यांपैकी कोणतीच वाट गेली नाही.

त्या हाडाचे नाव शंखास्थी. कानशिलामागे असलेल्या या हाडाचा आतील भाग मानवी शरीरातील सर्वांत टणक हाडांत मोडतो, आणि तो कोरून आतली रचना अखंड बाहेर काढणे हे सोळाव्या शतकातील इटलीच्या शरीररचनाविदांपुढील मोठेच आव्हान होते. आंद्रेआस व्हेसॅलियस याने १५४३ च्या आपल्या ग्रंथात मध्यकर्णातील हातोडी व ऐरण या दोन हाडांचे वर्णन केले. तिसरे आणि सर्वांत लहान हाड, रिकीब, नेपल्समध्ये शिकवणाऱ्या जोव्हान्नी फिलिप्पो इन्ग्रासिया याला १५४६ मध्ये सापडले. बार्तोलोमेओ युस्टाकी याने घसा व मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नळीचे सविस्तर वर्णन केले, आणि १७०४ मध्ये बोलोन्यातील आंतोनिओ व्हाल्साल्व्हा याने बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतःकर्ण ही त्रिभागणी रूढ केली, जी आज शाळकरी मुलेही पाठ करतात. एक चूक मात्र या सर्वांच्या काळात टिकून राहिली. ॲरिस्टॉटलपासून युरोपात असे मानले जाई की अंतःकर्णात एक विशेष, जन्मजात हवा कोंडलेली असते आणि तिच्यामुळे ऐकू येते. न्यायदर्शनातील कर्णविवरातल्या आकाशाशी या कल्पनेचे साम्य लक्ष वेधून घेणारे आहे. अंतःकर्ण हवेने नव्हे तर पूर्णपणे द्रवाने भरलेला असतो, हे नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने १७६० च्या सुमारास दाखवून दिले, आणि त्याबरोबरच एक नवा प्रश्न उभा राहिला, ज्याच्या उत्तरात मध्यकर्णाचे सारे प्रयोजन सामावलेले आहे. तिकडे वळण्यापूर्वी बाह्यकर्णाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची, बाहेर दिसणारी कर्णपाली आणि तिच्यापासून पडद्यापर्यंत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका मिळून बाह्यकर्ण होतो. कर्णपालीवरील उंचवटे व खळगे निरर्थक नाहीत, कारण वरून, खालून, पुढून वा मागून येणारा ध्वनी त्यांच्यावर वेगवेगळ्या प्रकारे परावर्तित होतो आणि या सूक्ष्म फरकावरून मेंदू ध्वनीची दिशा, विशेषतः उंची, ओळखायला शिकतो. कर्णनलिका एका बाजूने बंद असल्यामुळे तिच्यातील हवेचा स्तंभ ३,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या ध्वनीला अनुनादाने बळ देतो, आणि मानवी वाणीतील व्यंजने ओळखण्यासाठी हाच टापू फार मोलाचा आहे. नलिकेच्या बाहेरच्या तृतीयांशात मेण स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. ज्याला सामान्यतः कानातला मळ म्हणतात तो वस्तुतः त्वचेचे ओलाव्यापासून व जंतूंपासून रक्षण करणारा लेप आहे, आणि पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकणारी त्वचा त्याला आपोआप बाहेर आणून सोडते. काडीने, पिनेने वा कापसाच्या बोळ्याने कान कोरण्याची सवय या बाहेर येणाऱ्या मळाला पुन्हा आत ढकलते, आणि घरोघरी चालत आलेली कानात तेल घालण्याची रीत, पडद्याला छिद्र असल्यास, मध्यकर्णापर्यंत जंतू पोहोचवू शकते. घराघरांत इतक्या मायेने होणारी ही गोष्ट अपायकारक ठरू शकते, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

कर्णनलिकेच्या तळाशी तिरका ताणलेला, सुमारे ९ ते १० मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ असा कानाचा पडदा असतो. त्याच्या पलीकडे मध्यकर्णाची हवेने भरलेली लहानशी पोकळी आहे, आणि तिच्यात हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे साखळीसारखी जोडलेली आहेत. हातोडीचा दांडा पडद्याला चिकटलेला असतो, तर रिकिबीचा तळ अंतःकर्णाच्या एका लंबगोल खिडकीत बसलेला असतो. आता कोतुन्योच्या शोधाने उभा केलेला प्रश्न असा : हवेतून आलेला ध्वनी पाण्यासारख्या द्रवावर थेट आदळला, तर त्याच्या ऊर्जेपैकी सुमारे ९९.९ टक्के परत फिरते आणि जेमतेम एक हजारांश आत शिरते, कारण द्रव हलवण्यासाठी हवेपेक्षा कितीतरी अधिक दाब लागतो. मध्यकर्ण हा दाब निर्माण करतो. पडद्याचे स्पंदन पावणारे क्षेत्र सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळाचे अवघे ३.२ चौरस मिलिमीटर असल्याने तेच बल सतरापट लहान जागेवर एकवटते. शिवाय हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा थोडा लांब असल्यामुळे तरफेचा सुमारे १.३ पट लाभ होतो. दोहोंचा गुणाकार बावीसपटीच्या घरात जातो, आणि परत फिरून वाया जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग अशा रीतीने वाचतो. जेमतेम तीन मिलिग्रॅम वजनाची रिकीब, जी शरीरातील सर्वांत लहान हाड आहे, हे काम जन्मभर करत राहते. तिच्याभोवती अस्थिवृद्धी होऊन ती खिडकीत घट्ट अडकली, म्हणजे ओटोस्क्लेरोसिस झाला, तर माणूस बहिरा होत जातो, आणि १९५६ मध्ये जॉन शे या अमेरिकी शल्यविशारदाने ती काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसवण्याची जी शस्त्रक्रिया केली, तिच्या सुधारित रूपाचा लाभ आजही असंख्य रुग्णांना होतो.

या तीन हाडांचा पूर्वेतिहास त्यांच्या कार्याइतकाच विलक्षण आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मध्यकर्णात एकच हाड असते आणि त्यांच्या जबड्याचा सांधा अशा दोन हाडांचा बनलेला असतो जी सस्तन प्राण्यांच्या जबड्यात आढळत नाहीत. ती कुठे गेली, याचे उत्तर कार्ल राइशर्ट या जर्मन भ्रूणविज्ञाने १८३७ मध्ये सस्तन प्राण्यांच्या भ्रूणांच्या निरीक्षणातून दिले : हातोडी आणि ऐरण म्हणजे तीच दोन हाडे होत. एर्न्स्ट गॉप याने विसाव्या शतकाच्या आरंभी हा विचार भक्कम पायावर उभा केला, आणि पुढे ज्या प्राण्यांत जबड्याचे जुने व नवे असे दोन्ही सांधे एकाच वेळी अस्तित्वात होते त्यांचे जीवाश्मही सापडले. मानवी गर्भातही हातोडी सुरुवातीला खालच्या जबड्याच्या कूर्चेला जोडलेलीच वाढते आणि नंतर सुटी होते. याची खूण मज्जातंतूंच्या जोडणीत जन्मभर राहते, कारण हातोडीला ताणणाऱ्या स्नायूला चावण्याच्या स्नायूंचाच मज्जातंतू हालचालीची आज्ञा देतो, तर रिकिबीच्या इवल्याशा स्नायूला चेहऱ्याचा मज्जातंतू. या दुसऱ्या मज्जातंतूला लकवा होऊन ज्याचा अर्धा चेहरा लुळा पडतो, त्या रुग्णाला त्या बाजूच्या कानात साधे आवाजही असह्य वाटू शकतात, कारण मोठ्या ध्वनीला रिकीब आवरून धरणारा स्नायूच निकामी झालेला असतो.

मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका राखण्याचे काम युस्टाकीच्या नावाने ओळखली जाणारी कंठकर्णनलिका करते, जी एरवी मिटलेली असते आणि गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते. लहान मुलांत ही नळी आखूड व अधिक आडवी असल्याने सर्दी झाली की घशातील संसर्ग सहज वर चढतो. मुलांचे कान वारंवार फुटण्याचे मूळ पुष्कळदा इथे असते, आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे द्रव साचलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याला मंद ठरवणे अन्यायाचे होते.

लंबगोल खिडकीपलीकडे अंतःकर्ण सुरू होतो. त्याचा एक भाग, परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांना जोडलेल्या दोन पिशव्या, शरीराच्या तोलाशी संबंधित असून त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. श्रवणाचा भाग म्हणजे कर्णावर्त, ज्याला डॉक्टर कॉक्लिया म्हणतात : अडीच ते पावणेतीन वेढ्यांची, उलगडल्यास सुमारे ३५ मिलिमीटर भरेल अशी, गोगलगाईच्या शंखाच्या आकाराची नळी. तिच्या लांबीभर पडदे असल्याने तिचे तीन मार्ग होतात. वरचा आणि खालचा मार्ग शरीरातील इतर पेशीबाह्य द्रवांसारख्या, सोडियमयुक्त द्रवाने भरलेला असतो, तर मधल्या मार्गातील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण विलक्षण जास्त असते आणि त्याचा विद्युतदाब आसपासच्या द्रवापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्ट अधिक राखलेला असतो. हा दाब टिकवण्यासाठी नळीच्या बाहेरच्या भिंतीतील रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक पट्टी अखंड ऊर्जा खर्च करते. म्हणजे कान शांततेतही सज्ज राहण्याची किंमत मोजत असतो. मधल्या आणि खालच्या मार्गामधील पडद्याला आधारपटल म्हणतात, आणि त्याच्यावर श्रवणाचे प्रत्यक्ष इंद्रिय बसलेले आहे, ज्याचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन आल्फोन्सो कोर्ती याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केले.

कोर्तीने दाखवलेल्या रचनेवरून हेर्मान फोन हेल्महोल्ट्‌झ याने १८६३ च्या आपल्या विख्यात ग्रंथात असे मांडले की आधारपटलाचे आडवे तंतू पियानोच्या तारांसारखे असून प्रत्येक तंतू आपापल्या सुराला अनुनाद देतो. कल्पना मोहक होती, आणि तिचा गाभा, म्हणजे ‘जागेवरून सूर ओळखणे’, बरोबरही ठरला. परंतु तंतू सुटे नसतात आणि ते द्रवात बुडालेले असतात. प्रत्यक्षात काय घडते हे पाहण्याचे काम बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या गेओर्ग फोन बेकेशी याने केले, जो हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत दूरध्वनीच्या सुधारणेवर काम करत असताना या प्रश्नाकडे वळला. त्याने मृतदेहांतील कर्णावर्त उघडून, पडद्यांवर चांदीचे कण शिंपडून, लुकलुकत्या प्रकाशात त्यांचे स्पंदन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. आधारपटल खिडकीजवळ अरुंद व ताठ, तर शंखाच्या टोकाकडे रुंद व सैल असतो. त्यामुळे रिकिबीच्या धक्क्याने त्याच्यावर एक लाट पुढे सरकते, वाढत जाते, वारंवारतेनुसार ठरलेल्या जागी सर्वांत उंच होते आणि लगेच विरते. उंच स्वरांची लाट खिडकीजवळच संपते, खर्जाची टोकापर्यंत जाते. या शोधासाठी बेकेशीला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही हिशेब जुळत नव्हता. मृत कर्णावर्तातील ही लाट फार पसरट होती, आणि जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखण्याची जी क्षमता संगीताच्या साध्या श्रोत्यातही असते तिचा खुलासा तीवरून होत नव्हता. शिवाय लाट दिसण्यासाठी प्रचंड तीव्रतेचा ध्वनी वापरावा लागत होता. टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने, जो पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावाजला, १९४८ मध्येच युक्तिवाद केला होता की द्रवाच्या घर्षणात अनुनाद लगेच मरून जाईल आणि म्हणून कान बाहेरून ऊर्जा घालून ते घर्षण भरून काढत असला पाहिजे. इतकेच नव्हे, तर तसे असल्यास कानातून कधी कधी ध्वनी बाहेरही पडला पाहिजे. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. विज्ञानाच्या इतिहासात अचूक युक्तिवाद तीस वर्षे पडून राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि हे त्यांतील ठळक उदाहरण मानावे लागेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी विल्यम ऱ्होड याने जिवंत माकडांच्या कर्णावर्तात मोजमापे घेतली, तेव्हा क्षीण ध्वनीला आधारपटल प्रमाणाबाहेर मोठा प्रतिसाद देतो आणि प्राणी मरताच हा जास्तीचा प्रतिसाद नाहीसा होतो, असे दिसले. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प याने कानात बारीकसा टिचकीचा आवाज सोडून तिथेच संवेदनशील मायक्रोफोन ठेवला, आणि काही मिलिसेकंदांनी कानातून प्रतिसादाचा क्षीण ध्वनी परत आला. कान स्वतः ध्वनी निर्माण करतो, हे गोल्डचे भाकीत खरे ठरले.

ही ऊर्जा कुठून येते, हे १९८५ मध्ये समजले. कोर्तीच्या इंद्रियात दोन प्रकारच्या केशपेशी असतात, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असतात अशा पेशी : आतल्या बाजूला एका ओळीत सुमारे साडेतीन हजार, आणि बाहेरच्या बाजूला तीन ओळींत सुमारे बारा हजार. विल्यम ब्राउनेल आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सुट्या केलेल्या बाह्य केशपेशीला विजेचा प्रवाह दिला की ती आखूड आणि लांब होते. ती जिवंत कानात ध्वनीच्या तालावर, सेकंदाला हजारो वेळा, असे करते. झोका ज्या क्षणी परत फिरतो नेमक्या त्याच क्षणी दिलेला हलका धक्का जसा तो उंच नेतो, तशी ही पेशी आधारपटलाची क्षीण हालचाल शंभर ते हजारपट वाढवते. पेशीच्या भिंतीत गच्च बसलेले आणि विजेच्या दाबाने आकार बदलणारे ‘प्रेस्टिन’ नावाचे प्रथिन हे त्याचे कारण, असे पीटर डॅलॉस यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००० मध्ये दाखवले.

प्रत्यक्ष ऐकण्याचे काम मात्र आतल्या केशपेशींचे आहे. श्रवणाच्या मज्जातंतूतील सुमारे तीस हजार तंतूंपैकी ९५ टक्के या साडेतीन हजार पेशींकडूनच निघतात. प्रत्येक पेशीवरील केस उंचीनुसार ओळीने उभे असतात, आणि बुटक्या केसाचे टोक शेजारच्या उंच केसाला अतिशय बारीक धाग्याने बांधलेले असते. जेम्स पिकल्स आणि सहकाऱ्यांनी हे धागे १९८४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. केस उंच बाजूला कलले की धागा ताणला जातो, पेशीभिंतीतील छिद्र उघडते, वर सांगितलेल्या द्रवातील पोटॅशियम आत घुसते आणि पेशी मज्जातंतूला रासायनिक संदेश देते. दृष्टीत घडते तशी रासायनिक प्रक्रियांची साखळी इथे आधी घडावी लागत नाही. धागा छिद्र सरळ ओढून उघडतो, आणि त्यासाठी केस एका नॅनोमीटरहून कमी हलला तरी पुरते. कानाला काळाचे जे सूक्ष्म भान असते त्याचे मूळ या थेटपणात आहे. डाव्या-उजव्या कानांत ध्वनी पोहोचण्यातला फरक डोक्याच्या रुंदीमुळे फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो, आणि त्यातील एका लाखाव्या सेकंदाइतका बदलही मेंदूच्या खोडातील केंद्रे ओळखतात व दिशा ठरवतात. पुढील प्रक्रिया मेंदूच्या वरच्या केंद्रांकडे जाते, जिथे ध्वनीला अर्थ मिळतो. जुन्या दूरध्वनीवरून पुरुषाच्या आवाजातील ३०० हर्ट्‌झखालचा मूळ सूर वगळला जात असूनही तो आवाज खर्जातच ऐकू येत असे, कारण वरच्या सुरांतील परस्परसंबंधावरून मेंदू गैरहजर सूर भरून काढतो.

जे इतके सूक्ष्म आहे ते नाजूकही आहे. पक्ष्यांच्या नष्ट झालेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. माणसाच्या येत नाहीत. जन्मापूर्वीच तयार झालेला हा पंधरा-सोळा हजारांचा साठा आयुष्यभर पुरवावा लागतो, आणि त्यात सर्वांत आधी बळी पडतात त्या बाह्य केशपेशी, कारण त्यांनाच सर्वाधिक राबावे लागते. क्षयरोगावर गुणकारी ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांचा, वयाचा आणि गोंगाटाचा आघात प्रथम खिडकीजवळच्या, म्हणजे उंच स्वरांच्या भागावर होतो. मराठीतील स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख याच भागावर अवलंबून असल्याने, ‘ऐकू येते पण समजत नाही’ असे घरातील वृद्ध म्हणतात तेव्हा ते आपल्या कर्णावर्ताचे अचूक वर्णन करत असतात, आणि त्यांच्याशी अधिक मोठ्याने ओरडून बोलण्याने काहीच साधत नाही. भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची हानी अशीच हळूहळू, वेदनेशिवाय होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्याला ४० तासांपर्यंत निर्धोक मानला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०१ डेसिबलला ती जेमतेम वीस मिनिटे उरते. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या तरुणाच्या कानात दुसऱ्या दिवशी उरणारी शिटी ही केशपेशींना इजा झाल्याची खूण असते, आणि ती थांबली म्हणजे सारे पूर्ववत झाले असे मानणे चूक आहे. उत्सवाचा आनंद आणि श्रवणाचे रक्षण यांत विरोध नाही. विरोध आहे तो अज्ञानाशी, आणि ते दूर करणे हे अशा ग्रंथाचे एक कर्तव्य होय.

केशपेशी गमावलेल्यांसाठी कृत्रिम मार्ग निघाले आहेत. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी श्रवणाच्या मज्जातंतूला विजेने उत्तेजित केले, आणि १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युताग्रांचे कॉक्लियर इम्प्लांट बसवले, जे केशपेशींना वगळून, जागेवरून सूर ओळखण्याच्या हेल्महोल्ट्‌झप्रणीत तत्त्वाने, मज्जातंतूंना थेट संदेश देते. जन्मतः बहिऱ्या बालकाला ते पहिल्या काही वर्षांत मिळाले तरच त्याचा मेंदू बोलली जाणारी भाषा सहजतेने आत्मसात करू शकतो, म्हणून बहिरेपणाचे निदान लवकर होणे निर्णायक ठरते. या क्षेत्रात प्रशिक्षण व पुनर्वसनाचे काम मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून करत आहे. निदानाची पहिली पायरी असलेली ओएई चाचणी केम्पच्या शोधावरच उभी आहे : झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक आवाज सोडून परत येणारा ध्वनी मोजला जातो, आणि तो आला म्हणजे बाह्य केशपेशी काम करत आहेत असे समजते. परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. काही बालकांत ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, त्यामुळे आतल्या केशपेशींना ध्वनीचे स्पंदन मिळते पण त्या मज्जातंतूला रासायनिक संदेश देऊ शकत नाहीत. अशा बालकाच्या कानातून प्रतिसादाचा ध्वनी व्यवस्थित परत येतो, चाचणीचा निकाल उत्तम लागतो, आणि बालक मात्र बहिरे असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचण्यांत या जनुकाची निरोगी प्रत कर्णावर्तात पोहोचवून काही मुलांना ऐकू येऊ लागले, परंतु त्या उपचाराचा लाभ मिळायचा तर आधी दोष ओळखला गेला पाहिजे. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या, किंवा घराण्यात जन्मजात बहिरेपणा असलेल्या बाळाच्या बाबतीत, ओएईचा निकाल चांगला आला तरी मज्जातंतू व मेंदूच्या खोडातून जाणारे विद्युतसंदेश मोजणारी बेरा चाचणीही करून घ्यावी लागते.